रोजच्या प्रवासाला किट कार: दोष स्प्रिंगांत नव्हता, हवेत होता

रोज जाऊन-येऊन 110 किलोमीटर, आणि गाडी मी स्वतः सुट्या भागांतून जोडलेली. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमनने 1957 मध्ये आणलेल्या लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या स्पोर्ट्स कारच्या घाटाची, वजन जेमतेम 550 किलो. पहिल्याच महिन्यात पाठ धरली. खडबडीत रस्त्यावर मागची चाकं उडायची, ओल्या वळणावर पुढचं टोक सरळच जायचं. मी बरेच दिवस स्प्रिंगांवर संशय घेत राहिलो.

टायरमध्ये सवयीने 30 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरत होतो. तो आकडा दुप्पट वजनाच्या गाड्यांचा! एवढ्या हलक्या गाडीखाली इतका फुगलेला टायर दबतच नाही. मग तो ना धक्का पचवतो, ना नीट तापतो, ना पकड देतो. टायर थंड असताना 19 वर आणलं आणि त्याच रस्त्यावर गाडी जमीन धरून चालू लागली. शॉक अ‍ॅब्जॉर्बरना हात लावण्याआधी हे करून बघा. दाब मोजायचा गेज मात्र चांगला घ्या, इथे दोन पीएसआयचा फरकही जाणवतो.

पायांपाशी फार तापायचं, तिथे एक्झॉस्टच्या बाजूच्या पत्र्याला उष्णतारोधक अस्तर लावलं.

कंपनांनी नट सैल होणं काही थांबत नाही. म्हणून प्रत्येक नट आवळल्यावर त्यावरून बोल्टपर्यंत रंगाची रेघ ओढली आहे. दर रविवारी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतो. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला, की टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) काढायचा. मागच्या सस्पेन्शनचा एक बोल्ट गेल्या आठवड्यात असाच वेळेवर सापडला.