कांद्याच्या मुळात पेशीविभाजन पाहायचंय? आधी मुळं नीट वाढवा

जीवशास्त्राच्या प्रयोगवहीत सूत्री विभाजनाच्या (एका पेशीपासून दोन सारख्या पेशी होण्याच्या) सुबक आकृत्या असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मात्र नुसत्या आयताकृती पेशी दिसतात. विद्यार्थी भिंगाला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा मुळात किंवा कापण्यात असतं.

कांदा मध्यम आकाराचा, घट्ट घ्या. नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं उशिरा फुटतात. कोंब येऊ नयेत म्हणून विकिरण दिलेला कांदाही टाळा, कारण त्या प्रक्रियेचा घाव विभाजन पावणाऱ्या पेशींवरच बसतो. वाळलेली जुनी मुळं खरवडून काढा, पण बुडाची चकती दुखावू नका. नवी मुळं तिथूनच येतात. टूथपिक टोचून कांदा ग्लासवर असा ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. अर्धा कांदा बुडाला की तो कुजतो. पाणी रोज बदला. तीन-चार दिवसांत २ ते ३ सेंमी मुळं येतात. ताठ आणि पांढरीशुभ्र तेवढीच वापरा.

सकाळी टोकाकडचा सेंटीमीटरभर भाग कापून लगेच स्थिरीकरण द्रावणात, म्हणजे पेशींना आहे त्या अवस्थेत थांबवणाऱ्या द्रावणात टाका: तीन भाग इथेनॉल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल. द्रावण त्याच दिवशी बनवलेलं हवं. २४ तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये, फ्रीजमध्ये ठेवता येतात.

पुढची पायरी सर्वांत नाजूक आहे. मुळं पाण्यात धुऊन १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला ५ ते ८ मिनिटं ठेवा. पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन त्यात सैल होतं. वेळ कमी पडली तर पेशी एकमेकींवर चढलेल्या राहतात, जास्त झाली तर टोकाचा लगदा होतो आणि रंगही फिका चढतो. मग पुन्हा धुऊन ॲसिटोकार्मिन या गुणसूत्रांना लाल रंगवणाऱ्या द्रावणात अर्धा तास ठेवा.

आता टोकाकडचा १ ते २ मिमी भागच गडद दिसेल. विभाजी ऊती, म्हणजे विभागत राहणाऱ्या पेशींचा समूह, तिथेच असते. त्याच्या वरच्या भागात पेशी विभागत नाहीत, फक्त लांबतात. मूळ पुढे सरकतं ते या लांबण्यामुळे. लांबट पेशी दिसल्या तर तुम्ही वरचा भाग घेतला आहे, एवढं पक्कं समजा. गडद टोक ४५ टक्के ॲसिटिक आम्लाच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप टाका, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलके ठोका. टिपकागद ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाबा. काच जरा जरी सरकली तरी पेशी गुंडाळल्या जातात.

१० पटींच्या भिंगाखाली दाट पेशींचा भाग शोधा, मग ४० पटींवर जा. बहुतेक पेशी आंतरावस्थेत, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळात असतील. विभाजनातल्या पेशींत पूर्वावस्था (गुणसूत्रं आखडून दिसू लागतात ती) सर्वांत जास्त, पश्चावस्था (गुणसूत्रं दोन टोकांकडे सरकतात ती) थोड्या. विभाजन निर्देशांक, म्हणजे शंभरातल्या किती पेशी विभागत आहेत, हे काढताना विभागणाऱ्या पेशींना एकूण पेशींनी भागून शंभरनं गुणा. एकाच ठिकाणी न मोजता वेगवेगळी क्षेत्रं घ्या.

कांद्याची १६ गुणसूत्रं मोजायची असतील तर ही पद्धत अपुरी आहे, कारण मध्यावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात तेव्हा, ती गर्दी करतात. त्यासाठी स्थिरीकरणाआधी ताजी मुळं ०.०५ टक्के कोल्चिसिनमध्ये तीन-चार तास ठेवतात. त्यामुळे तर्कू तंतू (गुणसूत्रांना ओढणारे धागे) तयार होत नाहीत, गुणसूत्रं आखूड होऊन पसरतात. कोल्चिसिन विषारी आहे. हातमोजे हवेतच, आणि शिक्षकांशिवाय बाटली उघडू नका. अशा स्लाइडवर पश्चावस्था जवळपास सापडत नाही, म्हणून निर्देशांकासाठी ती स्लाइड वापरू नका.