साथीदाराच्या बाजूने ऐका: ओ. व्ही. राइट आणि जॉनी रॉल्स

'रिमेंबरिंग ओ. व्ही.' हा ब्लूज गायक-गिटारवादक जॉनी रॉल्सचा २०१३चा अल्बम. तो लावण्याआधी एक लक्षात घ्या: ही आठवण नुसत्या चाहत्याने काढलेली नाही, साथीदाराने काढलेली आहे. सोल (गॉस्पेल आणि ब्लूजमधून आलेलं अमेरिकन कृष्णवर्णीयांचं संगीत) गाणारा ओ. व्ही. राइट १९८० मध्ये, ४१व्या वर्षी गेला, तोवर त्याचा बँड रॉल्स सांभाळत होता. मी स्वतः पेटीची साथ करते, त्यामुळे माझा कान आधी साथीकडे जातो. या अल्बमसाठी तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

आधी मूळ गाणी. राइटची 'बॅक बीट' कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणं शोधा. काही संकलनांत नंतरची 'हाय रेकॉर्ड्स'ची गाणीही मिसळलेली असतात, म्हणून साल बघून घ्या. सुरुवातीला १९७१चं 'अ निकेल अँड अ नेल' एवढं एकच पुरे. एकेकाळी सगळं काही असलेल्या माणसाच्या खिशात आता पाच सेंटचं नाणं आणि एक खिळा उरलाय, एवढीच त्याची गोष्ट. निर्माता अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचा विली मिचेल.

पहिल्यांदा फक्त बेस आणि ड्रम ऐका. ठेका जराही घाई करत नाही. मग गळ्याकडे वळा. राइट चर्चमधल्या गॉस्पेल गायनातून आलेला; तो आवाज ताणतो, फाटू देतो, आणि बँड मात्र जागचा हलत नाही. गाण्याचं सगळं दुःख मला या फरकात सापडतं. तो ऐकू येईपर्यंत रॉल्सकडे जाऊच नका, दोन दिवस लागले तरी चालतील.

मग रॉल्सचं हेच गाणं. नवी मुद्रणं बहुधा मोठ्या आवाजात असतात आणि मोठं ते कानाला उगाच सरस वाटतं, म्हणून दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. नंतर एकच कडवं आलटून पालटून लावा. रॉल्सचा गळा मऊ, गोलसर. तो राइटसारखं फाटायला जात नाही, आणि मला त्याचा हाच संयम फार मोलाचा वाटतो. राइटच्या मागे उभं राहून वाजवलेल्या माणसाला तो आवाज उसना घेता येत नाही हे पक्कं माहीत असणार.

अल्बममध्ये ओटिस क्ले पाहुणा म्हणून गातो. त्यानेही सत्तरच्या दशकात मिचेलकडेच ध्वनिमुद्रण केलं होतं. त्याच्या गळ्यात चर्चचा जोर आहे. तो आला की रॉल्स काय करतो, तिकडे लक्ष ठेवा.

कोण सरस, हे ठरवत बसू नका. अल्बम संपला की राइटचं १९६७चं 'एट मेन, फोर विमेन' लावा. त्यात प्रेमावर खटला चालतो, ज्युरीत आठ पुरुष आणि चार बायका. या वेळी शब्द सोडू नका. निकाल लागतो तेव्हा साथीची वाद्यं काय करतात ते ऐका.