कमी वजनाचे पिल्लू सावरताना

आमच्या देशी कुत्रीला ऐन डिसेंबरात सहा पिल्ले झाली. पाचांची वजने 300 ग्रॅमच्या आसपास होती. सहावे मात्र 190 ग्रॅमचेच होते आणि दुसऱ्या दिवशी त्यातही 10 ग्रॅमची घट झाली. दूध कमी पडत असावे असे समजून मी ड्रॉपर हातात घेतला होता. परंतु अंग गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, उलट ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, हे पशुवैद्यांनी वेळीच सांगितले. म्हणून कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून त्याला आधी हळूहळू ऊब दिली आणि मगच, जास्त दूध असलेल्या मागच्या सडांना लावले. धष्टपुष्ट भावंडांना तेवढा वेळ उबदार टोपलीत ठेवले. वरचे दूध म्हणून गाईचे न देता पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीचे दूध, त्याला पालथे ठेवूनच, दर तीन तासांनी पाजले. रोज सकाळी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून वहीत लिहिले, कारण नुसत्या डोळ्यांना पिल्लू रोज सारखेच दिसते. निरोगी पिल्लाचे जन्मवजन साधारणपणे 10 दिवसांत दुप्पट होते. या पिल्लाला 14 दिवस लागले, आणि त्याच आठवड्यात त्याने डोळे उघडले.