बाई, पद आणि वाटा: वादातला गाळलेला दुवा कसा शोधायचा

‘हा तर्कदोष आहे’ एवढं सुनावून काही साधत नाही. दोष नेमका कुठे आहे ते दाखवावं लागतं, आणि तो बहुधा न बोललेल्या वाक्यात दडलेला असतो.

आधी समोरच्याचं म्हणणं एका ओळीत लिहा, त्याला मान्य होईल अशा शब्दांत. उदाहरणार्थ: ‘महिला सरपंचाचा कारभार नवराच बघतो, म्हणून आरक्षण नको.’ यात गाळलेलं वाक्य असं: ‘ज्यांच्यातले काही जण दुसऱ्याच्या सांगण्यावरून कारभार करतात, त्या सगळ्यांना पद देऊ नये.’ ते आता पुरुषांना लावून बघा. पुढाऱ्याच्या शब्दावर सह्या करणारे पुरुष सरपंचही असतातच. म्हणून पुरुषांना निवडणूकबंदी करा, असं कुणी म्हणत नाही. कारण हजर, निष्कर्ष गैरहजर. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, याला सव्यभिचार हेतू (निष्कर्षाशी पक्कं न बांधलेलं कारण) म्हणतात.

मग आकडा विचारा. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि २०११ पासून निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. तालुक्यातल्या दोघींवरून त्या सगळ्यांचा निवाडा होत नाही. ‘इंदिरा गांधी १९६६ मध्येच पंतप्रधान झाल्या, मग अडथळा कुठाय?’ हीसुद्धा तीच घाई, फक्त उलट्या दिशेने.

इथे आपल्याच, म्हणजे आरक्षणाच्या, बाजूची चूकही होते. सरपंचपतीची तक्रार खरी असू शकते. तिला ‘तुम्ही बायकांच्या विरोधात आहात’ हे उत्तर म्हणजे मुद्दा सोडून माणसावर घसरणं. तक्रार मान्य करा आणि पुढचं विचारा: यावर उपाय नवऱ्याला सभेबाहेर ठेवणं की बाईचं पद काढणं?

वाटणीच्या वादात वेगळी गफलत होते. ‘बहिणीच्या लग्नात खर्च केला, आता वाटा कसला?’ यात दोन हिशेब एकत्र कालवलेत. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्माने येतो. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला (तेव्हा आधीच लग्न झालेल्या वगळून), २००५ मध्ये देशभर आला. लग्नखर्चाने तो फिटत नाही. इथेही पालटून बघा: भावाच्या लग्नाचा आणि शिक्षणाचा खर्च त्याच्या वाट्यातून कधी वळता केला का?

‘हक्कसोडपत्रावर सही कर, नाहीतर माहेर तुटेल’ याला मात्र तर्काने उत्तर देत बसू नका. तो युक्तिवादच नाही, धमकी आहे. सही पुढे ढकला आणि आधी कागद वकिलाला दाखवा.