डांग्या खोकला: बाळाच्या घरात या चुका टाळा

तान्ह्या बाळाला डांग्या खोकला बहुतेक वेळा घरातल्याच कुणाकडून लागतो. आई, बाबा, शाळेत जाणारा दादा, बाळंतपणाला आलेली आजी, कुणीही. आणि ज्याच्याकडून लागतो त्याला आपल्याला काय झालंय याचा पत्ताच नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "हवा बदललीय", "धुळीची ॲलर्जी आहे" असं म्हणत घरातलं माणूस तीन-तीन आठवडे खोकत राहतं आणि बाळाला मांडीवरही घेतं. मोठ्यांमध्ये उबळीनंतर श्वास आत ओढताना येणारा तो 'हूप' आवाज येईलच असं नाही. पहिला आठवडा-दोन आठवडे तर नुसती सर्दी वाटते, आणि नेमकं त्याच काळात ते माणूस रोग सर्वाधिक पसरवत असतं. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, उबळीनंतर उलटी किंवा रात्री वाढणारी ढास असेल तर डॉक्टरांकडे जा आणि घरात तान्हं बाळ आहे हे आपण होऊन सांगा. अशा खोकल्यासाठी आपल्याकडे क्षयाची थुंकी तपासतात, ते योग्यच आहे. पण ती निगेटिव्ह आली म्हणजे विषय संपला असं समजू नका. लहानपणी लस घेतली होती किंवा हा आजार होऊन गेला होता, यावरही विसंबू नका. दोन्हींचं संरक्षण काही वर्षांत ओसरतं.

दुसरी चूक म्हणजे बाळाच्या खोकल्याची वाट पाहणं. काही महिन्यांच्या बाळात खोकला फारसा नसतोही. बाळ दूध ओढत नाही, मध्येच श्वास थांबतो, ओठ निळे पडतात. असं एकदा जरी दिसलं तरी थेट हॉस्पिटल गाठा, सकाळपर्यंत थांबू नका. न्यूमोनिया, झटके आणि मृत्यू यांचा धोका याच वयात सर्वात जास्त असतो. धुरी देऊ नका, धुराने श्वास आणखी कोंडतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. मोठ्या भावंडाचं खोकल्याचं औषध तर मुळीच नको.

अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक औषध लवकर सुरू झालं तर आजार हलका होतो. उशिरा दिलं तर संसर्ग पसरणं थांबतं, पण उबळी आठवडेच्या आठवडे राहतात. "औषध लागू पडत नाही" म्हणून ते अर्धवट सोडू नका.

आता लशीकडे वळू. बाळाचे पेंटाचे (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरच्या लशीचे) डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात. मग डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर 16 ते 24 महिन्यांत आणि दुसरा 5 ते 6 वर्षांत. किरकोळ सर्दीसाठी डोस पुढे ढकलू नका. मधे गावाला गेलात आणि एक डोस राहिला, तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. कार्ड घेऊन आशाताईंना भेटा, राहिलेल्या डोसपासून पुढे जाता येतं. सरकारी दवाखान्यातली लस हलकी हा गैरसमजही काढून टाका. खाजगीत मिळणाऱ्या 'पेनलेस' लशीने ताप कमी येतो हे खरं, पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं. रात्रभर किरकिरणारं बाळ पाहून जीव तुटतो, हे मान्य. तरी मला ती एक रात्र परवडते.

पण पहिल्या सहा आठवड्यांचं काय? बाळाला लस द्यायच्या आधीचा हा काळ आईच्या लशीने सांभाळला जातो, आणि इथे नावांचा घोळ होतो. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात मिळतं ते टीडी (अजून बरेच जण त्याला टीटीच म्हणतात). ते धनुर्वात आणि घटसर्पासाठी असतं, डांग्या खोकल्यासाठी नाही. त्यासाठीची लस टीडॅप. गरोदरपणाच्या 27 ते 36 आठवड्यांत घेतली की आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळाला मिळतात. ती प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यावी लागते, मागच्या वेळची चालत नाही. खाजगीत पैसे पडतात, पण बारशाच्या खर्चातून ते बाजूला काढण्यासारखे आहेत. डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत तर तुम्ही विचारा.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांनीही तिकिटाबरोबरच टीडॅपची तारीख ठरवावी. बाळाला हातात घेण्याआधी किमान दोन आठवडे ती घेतलेली हवी.