जखमेवर स्किन ग्लू लावताना या चुका टाळा

मूल पडून कपाळ किंवा हनुवटी फुटली की सुई न टोचता काम भागतं, म्हणून स्किन ग्लू, म्हणजे टाक्यांऐवजी जखमेच्या कडा चिकटवणारं वैद्यकीय द्रव्य, सगळ्यांनाच सोयीचा वाटतो. पण हा ग्लू जखमेत भरायचा नसतो. जुळवलेल्या कडांवरून तो पापुद्र्यासारखा बसतो. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

कडा जुळवण्याआधीच थेंब सोडला तर तो आत उतरतो आणि परकी वस्तू होऊन बसतो. कडा एकमेकींना भिडत नाहीत, जखम रेंगाळते. म्हणून चिमट्याने किंवा बोटांनी कडा आधी जुळवा, किंचित वर उचलून धरा आणि मग वरून ग्लू फिरवा. तो दोन्ही बाजूंच्या कोरड्या कातडीवरही थोडा जायला हवा. ओढल्याशिवाय कडा जुळतच नसतील तर खोल टाके घालून ताण काढावा लागेल. नुसत्या ग्लूच्या भरवशावर राहू नका.

ओली जखम ही दुसरी अडचण. या ग्लूमधलं चिकटवणारं रसायन, सायनोॲक्रिलेट, ओलाव्याने घट्ट होतं. रक्त वाहत असेल तर ते रक्तावरच गोठतं, कातडीला धरत नाही आणि खपलीसारखं सुटून येतं. सलाइनने जखम धुवा, खडे-माती बघा, कोरड्या गॉजने दाबून रक्त थांबवा, आजूबाजूची कातडी पुसा आणि मगच ग्लूची ॲम्प्यूल (छोटी कुपी) उघडा. ग्लू लावायची घाई झाली की धुणं हमखास राहतं. आत राहिलेला कचरा मग पापुद्र्याखाली पिकतो.

'जास्त लावला तर घट्ट बसेल' हा समज सोडा. घट्ट होताना ग्लू उष्णता सोडतो. जाड थराने चटका बसतो आणि मूल हललं की कडा सरकतात. ऑक्टिल प्रकाराच्या सायनोॲक्रिलेटचे तीन पातळ थर पुरतात, दोन थरांमध्ये साधारण अर्धा मिनिट थांबा, शेवटच्या थरानंतर कडा मिनिटभर धरून ठेवा. ब्यूटिल प्रकार ठिसूळ असतो, त्याचा एकच पातळ थर द्या.

भुवईजवळ जखम असेल तर डोकं असं वळवा की ओघळ डोळ्यापासून दूर जाईल, आणि मध्ये पेट्रोलियम जेली लावलेल्या गॉजची आड ठेवा. पापण्या चिकटल्याच तर ओढू नका, ॲसिटोन तर तिथे अजिबात नको. डोळ्यांचं मलम लावून नेत्रतज्ज्ञांना दाखवा. हातमोजा चिकटला तर जेली चोळून हळूच सोडवा.

चावा, पू झालेली जखम, ओठाच्या आतला भाग आणि गुडघा-कोपरासारखा सतत वाकणारा सांधा इथे ग्लू नको. घरातला झटपट चिकटवणारा डिंकही नको: तो बहुधा एथिल प्रकाराचा असतो, जास्त तापतो, ऊतींना त्रास देतो आणि निर्जंतुक नसतो. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का, हे ग्लू लावला तरी विचारायलाच हवं.

घरी गेल्यावर मलमाने नुकसान होतं. व्हॅसलिन किंवा अँटिबायोटिक मलम लावलं की पापुद्रा मऊ पडून अवेळी सुटतो. थोडी अंघोळ चालते, पण चोळणं, भिजत बसणं, पोहणं नको. वर चिकटपट्टी लावली तर ती काढताना ग्लूही निघतो. पापुद्रा 5 ते 10 दिवसांत आपोआप गळतो, तोवर कुरतडू देऊ नका. लाली पसरली, पू आला, दुखणं वाढलं किंवा कडा उघडल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उघडलेल्या फटीत वरून पुन्हा ग्लू सोडू नका.