वजन वाढलं म्हणून मी अभिनंदन केलं होतं

कर्करुग्णालयात डाएटिशियन म्हणून रुजू झाले, त्याच्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. अंडाशयाच्या कर्करोगाच्या एक मावशी तपासणीला आल्या आणि काटा मागच्या वेळेपेक्षा तीन किलो वर. मी खुशीत म्हणाले, "छान मावशी, अशाच जेवत राहा." त्या म्हणाल्या, "अगं, दोन घासांत पोट गच्च होतंय." ते मी ऐकून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोटातून साडेचार लिटर पाणी काढलं. नंतर काट्यावर उभ्या राहिल्या तेव्हा मागच्या भेटीपेक्षा दीड किलो कमी. दंडाकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. नुसती कातडी लोंबत होती.

या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी हीच गोष्ट सांगते. वजन म्हणजे स्नायू, चरबी, हाडं आणि पाणी यांची बेरीज, आणि आपल्या रुग्णांत यातलं पाणी सगळ्यांत लबाड. बीएमआयचंही तसंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते: दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघेही धडधाकट. त्यात केमो आणि स्टेरॉइड आले की काय होत असेल ते बघा. स्तनाच्या कर्करोगात कित्येक बायकांचं वजन उपचारात वाढतं आणि आत स्नायू मात्र झिजत असतो. घरचे म्हणतात, "तब्येत सुधारली."

बहुतेक ठिकाणी तुमच्या हाती पहिलं यंत्र येईल ते बीआयए, म्हणजे विजेच्या मदतीने अंगातलं पाणी, स्नायू आणि चरबी यांचा अंदाज देणारं यंत्र. हाता-पायाला इलेक्ट्रोड लावून बारीकसा विद्युतप्रवाह सोडायचा. रुग्णाला काही जाणवत नाही. पण लावण्याआधी पेसमेकर आहे का, हे विचारायचंच. लघवीला जाऊन यायला सांगा, मग पाच-दहा मिनिटं निजवून ठेवा. हात अंगाला आणि मांड्या एकमेकींना चिकटलेल्या नकोत. बांगड्या, जोडवी, चांदीचा करदोटा उतरवायला सांगताना आवाज मऊ ठेवा. मंगळसूत्र काढायला कोणी नको म्हटलं तर हुज्जत घालू नका, नोंद करा आणि पुढच्या वेळीही तसंच मोजा. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर दुसऱ्या बाजूने मोजा. नांदेडहून रात्रभर एसटीने बसून आलेल्या माणसाचे पाय सुजलेले असतात, त्याला त्याच सकाळी मोजू नका.

कारण हे यंत्र स्नायू मोजत नाही, विजेला होणारा रोध मोजतं. चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी आहे असं धरून बाकीचं समीकरण सांगतं. पायावरची सूज त्यामुळे स्नायूच्या खात्यात जमा होते. पोटातल्या पाण्याची गंमत उलटी. धड जाड असल्याने एकूण रोधात त्याचा वाटा थोडाच, म्हणून ते पाणी यंत्राला धड दिसत नाही. ते वजनाच्या रकान्यातून आत शिरतं आणि बरंचसं चरबी म्हणून छापून येतं. अशा रुग्णात मी टक्केवारी बाजूला ठेवते आणि फेज अँगल, म्हणजे पेशींच्या आवरणांमुळे प्रवाह किती मागे पडतो ते दाखवणारा कोन, तेवढा लिहून घेते. त्यात वजनाचं समीकरण नसतं.

माझा खरा जीव सीटीत आहे. कर्करुग्णाचा पोटाचा सीटी बहुधा आजाराच्या तपासणीसाठी झालेलाच असतो, वेगळा खर्च नाही, वेगळे किरण नाहीत. कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचा, म्हणजे एल-थ्रीचा एक काप घ्यायचा. त्यात उणे २९ ते अधिक १५० हाउन्सफील्ड युनिटमधलं (हे सीटीतल्या घनतेचं माप) ते स्नायू. सॉफ्टवेअर रंग भरतं, पण पाणी शून्याच्या आसपास, म्हणजे याच पट्ट्यात! आतड्यातला द्रव, पोटातलं पाणी, सगळं स्नायू म्हणून रंगतं आणि ते हाताने पुसावं लागतं. काँट्रास्टने, म्हणजे स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या औषधाने, स्नायूची घनता वाढून दिसते, म्हणून तुलना एकाच प्रकारच्या स्कॅनशी करा.

आलेल्या क्षेत्रफळाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात. इथे नवी मुलं फसतात, कारण उंची फाईलवरून उतरवतात. समजा क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर. उंची १५० असेल तर निर्देशांक ४२.२, कोणी अंदाजाने १५५ लिहिली तर ३९.५. बायकांसाठी बऱ्याचदा वापरली जाणारी मर्यादा ४१ आहे, त्याखाली स्नायू कमी धरतात, म्हणजे पाच सेंटिमीटरने निदान फिरलं. ही मर्यादाही कॅनडातल्या रुग्णांवरून आलेली. मी एका आकड्यापेक्षा त्याच रुग्णाच्या दोन स्कॅनमधला फरक जास्त मानते.

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण खूप, आणि त्यांचा सीटी मानेचाच असतो. तिथे मानेचा तिसरा मणका, सी-थ्री वापरतात. गाठ एका बाजूच्या स्नायूत घुसली असेल तर दुसऱ्या बाजूचा मोजून दुप्पट करायचा.

सीटी नसेल तर पोटरीला टेप लावा, मुठीची पकड तीनदा मोजा. स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत पकड पुरुषांत २८ आणि बायकांत १८ किलोखाली गेली की ती कमी. सलाइनची सुई असलेल्या हाताने दाबायला लावू नका, एवढं कळतं म्हणाल, पण मी पाहिलंय.

स्वतःच्या मोजमापावर विश्वास ठेवण्याआधी तीस स्कॅन मोजा, आठवड्याने तेच तीस पुन्हा मोजा, आधीचे आकडे न बघता. मी केलं तेव्हा चार स्कॅनमध्ये दोन आकडे जुळेनात. हात थरथरला असेल म्हणून रेडिऑलॉजीतल्या मॅडमकडे गेले. त्यांनी खालून मणके मोजले आणि म्हणाल्या, "हा एल-फोर आहे गं."